लेकीच्या घरचं पाणी

ट्रेमध्ये चार पेले होते. तीन रिकामे झाले. चौथा काठोकाठ भरलेला तसाच राहिला.

"घ्या की पावणं," शेजारचे गेणभाऊ म्हणाले. "फ्रीजचं न्हाई, माठातलं हाये."

"नको. आमच्यात लेकीच्या घरचं पाणी चालत नाय," भिमाजी म्हणाला. "नातू मांडीवर आला की हंडाभर पितो. आत्ता हायवेच्या हाटेलात पिऊनच आलोय."

"चार वरसं झाली लग्नाला," विहीणबाई, कोंडाबाई म्हणाल्या. "माठ फुटायची येळ आली, पर पावण्यांचा नातू काय येईना." बोलताना त्या भिमाजीकडे बघत नव्हत्या. स्वयंपाकघराच्या दारात उज्ज्वला उभी होती, तिच्याकडे बघत होत्या. उज्ज्वलाने ट्रे उचलला. तिचा नवरा गोकुळ मोबाइलमध्ये मान घालून बसला होता.

हा रिवाज भिमाजीच्या गावी, बोरी बुद्रुकमध्ये, आता कुणी पाळत नव्हतं. भिमाजीलाही तो दोन दिवसांपूर्वी, सोमवारीच आठवला होता.

तीन महिन्यांपूर्वी त्याचं मोठं आतडं काढलं होतं. लहान आतड्याचं तोंड पोटावर, बेंबीच्या उजव्या अंगाला आणलं होतं आणि त्यावर पिशवी चिकटवली होती. त्या तोंडाला ना आवरता येत होतं, ना लाजता येत होतं. जे यायचं ते येईल तेव्हा यायचं, वारा असला तर आवाजासकट. दवाखान्यातल्या सिस्टरने बापलेकीला समोर बसवून सांगितलं होतं: मोठं आतडं गेलं, आता अंगात पाणी टिकणार नाही. दिवसाला अडीच लिटरच्या खाली यायचं नाही, त्यात मीठ-साखरेचं पाणी हवंच. घोट घोट प्यायचं. तोंडात वरून धार सोडायची नाही, पाण्याबरोबर हवा जाते. सोडा बंद. आणि उपाशी राहायचं नाही, रिकामं आतडं जास्त बोलतं. मोजायला खुणांची एक बाटलीही दिली होती.

शुक्रवारी तपासणी होती. पुणं जवळ पडावं म्हणून तो चार दिवस आधीच पेठला लेकीकडे आला. एरवी म्हशींच्या धारा चुकू नयेत म्हणून तो दारातूनच परत जायचा. मुक्काम हा पहिलाच. सोमवारी स्टँडवर उतरला, उन्हाने जीव कासावीस झाला, म्हणून त्याने लिंबूसोडा घेतला. घरी येऊन सोफ्यावर टेकला आणि शर्टाखालून लांबलचक आवाज आला. कुणी हसलं नाही. कोंडाबाईंनी रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तेवढ्यात उज्ज्वला पाणी घेऊन आली. रिवाज त्याला तेव्हा आठवला.

आत काही गेलं नाही तर बाहेर काही येणार नाही, असं त्याने धरलं होतं; दोन घास खायचे आणि चूळ भरताना उतरेल तेवढंच पाणी. ते चुकलं. पिशवी पातळ भरतच राहिली. जीभ टाळूला चिकटू लागली, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, लघवी कोऱ्या चहासारखी झाली.

गुरुवारी सकाळी तो कॉटवरून उठला आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसला. उज्ज्वला मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला घेऊन धावली.

"आबा, प्या."

"अगं, रिवाज..."

"हाटेलवाल्याला इचारलं मी. तुमी तिथं गेलाच न्हाई."

भिमाजीने तोंड फिरवलं. आत कोंडाबाई भाकरी थापत होत्या. उज्ज्वलाने एकदा तिकडे पाहिलं, मग बापाकडे.

"मांडीवर यायला येळ हाये," ती म्हणाली. "पर पोटात आलंय. आता प्या."

भाकरीचा आवाज थांबला.

भिमाजीने पेल्याला ओठ लावले. जन्मभर वरून पाणी पिणारा माणूस, घोट घोट प्यायला. पेला संपेपर्यंत उज्ज्वलाने त्याचा हात सोडला नाही. कोंडाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या आणि त्यांनी सुनेच्या तोंडात साखर घातली. "अगं बाई! आदी बोलायचं न्हाई व्हय?" गोकुळने मोबाइल खाली ठेवला.

तासाभराने भिमाजी पिशवी बदलायला न्हाणीत गेला. कोपऱ्यात झाकणाचा डबा होता. जुन्या पिशव्या त्यात पडायला लागल्यापासून त्या डब्याला घरातलं कुणी हात लावत नव्हतं. रोज पहाटे तोच तो रिकामा करायचा. आजही केला होता. आता तळाशी कागदाचा एक बोळा होता. त्यात तपासणीची पांढरी पट्टी होती आणि माहितीच्या कागदाची छापील घडी. घडीवर चित्रं होती. दोन रेघांपुढे बाळ काढलं होतं. एका रेघेपुढे काही नव्हतं.

त्याने पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

एक.

त्याने पट्टी आणि कागद जुन्या पिशवीत सरकवले, पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पुडकं घेऊन बाहेर आला. कोंडाबाई फोनवर होत्या. "व्हय, व्हय! चतुर्थीला ओझरला नारळ फोडायचा. सोमवारी सोनोग्राफीला नेते." गेणभाऊ पेढा खात होते. भिमाजी सगळ्यांच्या मधोमध सोफ्यावर बसला.

"उज्ज्वला, पाणी आण. ती खुणांची बाटलीच आण."

तिने बाटली आणली. पुडक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ती जागची हलली नाही.

"भरत राहा," तो म्हणाला. "लई तहान लागलीय."

दुपारी शर्टाखालून आवाज आला, सोमवारच्याहून मोठा. रिमोटला कुणी हात लावला नाही.

संध्याकाळपर्यंत बाटलीच्या खुणांप्रमाणे भिमाजी दोन लिटर सातशे मिली पाणी प्यायला.