माळ्यावरची वाट

लीड्समधल्या त्या गल्लीत विटांची घरं एकमेकांना चिकटून होती. भिंती सामायिक, छप्पर एकच. कुंपणाच्या भांडणावरून शेजारच्या हॅरल्डशी बोलणं तोडताना पर्सीने बायकोलाही बजावलं होतं, "त्यांचा उंबरा ओलांडायचा नाही." एकदा गळती शोधायला तो माळ्यावर चढला. माळा सगळ्या घरांवरून सलग गेलेला. अंधारात चुकून तो भलत्याच झडपेतून उतरला. जिना, बोळ, स्वयंपाकघर सगळं घरच्यासारखंच. बायकोही चहा पीत बसलेली. "मलाही ओत," म्हणत तो बसला. चहा ओतला तो हॅरल्डच्या बायकोने. "तुला उंबरा ओलांडू नको म्हटलं होतं ना?" पर्सी गरजला. "कुठे ओलांडला? मी दर गुरुवारी माळ्यावरूनच येते," बायको म्हणाली. पर्सीने चहा संपवला. दारातून जावं तर गल्ली बघेल म्हणून तो माळ्याकडे वळला. बोलणं बंदच होतं, पण आवाज ऐकून आलेल्या हॅरल्डने झडपेखालची शिडी धरली.