मैनेचा आशीर्वाद

एका म्हातारीनं रस्त्यावरूनच हात जोडले, कमरेत वाकली, आणि मैनेची सोंड पुन्हा वर गेली.

हुस्नाच्या हातातला कोमट पाण्याचा तांब्या तसाच राहिला. सकाळपासून ती हेच बघत होती. कुणी वाकलं रे वाकलं, की ही हत्तीण सोंड उचलायची. उचलताना मान थरथरायची, सडलेला पुढचा पाय आणखी दुमडायचा, पण सोंड वर जायचीच. लोकांना वाटायचं, गजलक्ष्मी प्रसन्न झाली. हुस्नाला दिसायचे ते भीतीनं आक्रसलेले कान. सोंड उचलायला उशीर झाला की माहुताचा अंकुश कानामागे बसत असणार. तिथल्या कातडीची चाळणी झाली होती. तिला दारोदार फिरवून दक्षिणा मागणारा माहूत पकडला गेला, मैना सुटली. पण सुटलीस, हे तिला सांगावं कुणी?

हुस्ना सिरसाळ्याची जनावरांची डॉक्टर. सगळी नोकरी गाईम्हशी आणि शेळ्यांत गेलेली. हत्तींचा दवाखाना दूर परराज्यात होता. त्यांचा ट्रक निघाला होता, तो उद्या पोचणार होता. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, "नुसता पाय बघू नका, सगळी हत्तीण बघा. मिठाचं कोमट पाणी, हळद-कडुलिंबाचा लेप, हिरवा चारा, पायाखाली मऊ माती, आणि सगळ्यात आधी विसावा. गुंगीचं औषध देऊ नका. ती आडवी पडली तर पुन्हा उठायची नाही. मातीचा उंच ढीग घाला, त्याला टेकून झोपेल. आणि पायातला पू आजच काढा. विष अंगात चढलं तर ट्रक येऊन काही उपयोग नाही."

म्हणून वडवणीबाहेर, म्हाळू धनगराच्या मेंढ्या बसायच्या त्या रानात, मातीचा ढीग घातला होता. मैना त्याला अंग लावायची, डोळे मिटायची, तेवढ्यात बाजाराला निघालेलं कुणीतरी वाकायचं.

"म्हाळूमामा, काहीही करा, पण लोकांना लांब ठेवा," हुस्ना म्हणाली.

म्हाळूनं डोकं चालवलं. मेंढ्या कोंडायची जाळी भोवतीनं ताणली आणि आतलं दिसू नये म्हणून बायकोची, अंजनाची, लुगडी तिच्यावरून सोडली. झालं, आगीत तेल पडलं. पडदा आहे म्हणजे आत गाभारा असणार, एवढं कळायला वडवणीच्या माणसाला पुजारी लागत नाही. नारळांचा खच पडला. लोक लुगडं बाजूला सारून आत डोकावू लागले, आणि डोकावलं की वाकू लागले.

शेवटी अंजनाच पदर खोचून पुढं झाली. "कशाला गर्दी करायलात? शेजारती झाली. देव झोपलाय. झोपल्या देवाला उठवायचं पाप ज्याला पायजे, त्यानं खुशाल यावं आत."

भरदुपारी कसली शेजारती, असं एकजण पुटपुटला. पण देव झोपला म्हटल्यावर पडद्याला हात लावायची कुणाची टाप? माणसं निमूट चपला घालून पांगली. हुस्नाला अंजनाच्या पाया पडावंसं वाटलं. मैनेसमोर नको, म्हणून ती नुसती हसली.

रान शांत झालं. मैनेनं ढिगाला अंग टेकलं. आता एवढा पाय साफ करून लेप लावला की झालं. हुस्ना पायाशी वाकली, आणि सोंड उठली.

हुस्ना झटकन ताठ झाली. सोंड खाली आली. ती बाजूनं गेली, तर मैना मान वळवून तिला शोधू लागली. बसून सरकत गेली, तर सोंड तिच्या डोक्यावर येऊन पडली. म्हाळूनं फवारणीचा पंप आणून दिला, तिनं उभ्यानंच पाय धुतला. पण आतला पू फवाऱ्यानं थोडाच निघतो? त्याला बोटं घालावी लागतात, आणि बोटं घालायची तर वाकावं लागतं. नाही वाकावं तर विष चढणार, वाकावं तर उरलीसुरली ताकद जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. इतकी वर्षं जनावरांत काढली, पण इतकं हतबल तिला कधी वाटलं नव्हतं.

"नको ना बेटा," ती हळूच म्हणाली. "मला नको तुझा आशीर्वाद."

आणि पुन्हा वाकली. या वेळी सोंड अर्ध्यावरच थांबली. मैनेचा तोल गेला, ती ढिगावरून घसरली आणि आडवी झाली. जाळी, खुंट्या, लुगडी, सगळं तिच्याखाली गेलं.

त्या आवाजानं पांगलेली माणसं पळत माघारी आली. तिला उचलून उभी करायला म्हाळू जेसीबीवाल्याकडे धावला. मैनेच्या श्वासानं समोरची माती उडत होती, आणि एक डोळा हुस्नावर खिळला होता.

हुस्नाचा जीव तीळतीळ तुटत होता. तिला वाटलं, गुडघे टेकावेत, त्या एवढ्या मोठ्या गालावर हात ठेवावा, काहीतरी बोलावं. ती जराशी झुकली, तसं सोंडेचं टोक मातीत हललं, वर यायला धडपडू लागलं. ती मागं सरली. हात जोडून पुढं झालेल्या अंजनाला तिनं दंड धरून ताठ उभं केलं.

"कुणी वाकू नका," ती लोकांना म्हणाली. मग दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून, नजर मैनेवर ठेवून, ती ताठ उभी राहिली. सोंड निवांत झाली.

गर्दीतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "बग बाई, मुकं जनावर जीव सोडायलंय, अन् या डॉक्टरणीला वाकून हात लावायची बी माया न्हाई."