देगलूरची फियाट

सिंधुबाईंनी ताडपत्री ओढली आणि पन्नाशीला टेकलेला मल्लेश उभ्या उभ्या नऊ वर्षांचा झाला.

तीच फियाट. तोच दुधी रंग, स्टिअरिंगला लागून तीच गेअरची दांडी, पुढच्या दाराला तीच त्रिकोणी काच. त्या काचेतून वारा आत यायचा आणि आईचा पदर फडफडत राहायचा. अप्पा गाडी चालवायचे, मागे तिघं भावंडं एकमेकांच्या मांडीवर, आणि उदगीर मागे पडलं की आई कानडीत काहीतरी गुणगुणायला लागायची. कुठं चाललोय हे कुणी विचारायचं नाही. गाडीत बसलोय, एवढ्यातच सगळं आलं.

"किती जपलीत हो गाडी!" मल्लेश म्हणाला. त्याला बॉनेटमध्ये स्वतःचं तोंड दिसत होतं.

"मी कुठं? मास्तर गेल्यापासून ती चालूबी केली न्हाई. तुमचे अप्पाच येऊन पुसतात."

हे मल्लेशला ठाऊक होतं. म्हणून तर तो आला होता.

तो दहावीत असताना अप्पांनी गाडी देगलूरच्या या मास्तरांना विकली. हळूहळू घरातले सगळे तिला विसरले. आई गेली, नंतर इकडे मास्तरही गेले आणि त्यांच्या मागे सिंधुबाई एकट्या उरल्या. गेली चार वर्षं गुरुपादप्पा, म्हणजे अप्पा, दर सोमवारी एसटीनं मुखेडच्या पाव्हण्याकडे जातो म्हणून बाहेर पडायचे. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला तेल, तोंडावर हसू. "उपास असून सोमवारी अप्पांचा चेहरा कसा फुलतो बघा," असं मल्लेशची बायको मंजुश्री नेहमी म्हणायची.

मग अप्पा एसटीतून उतरताना पडले. गुडघा धरून अंथरुणावर आले. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, पुन्हा पडले तर उठणं अवघड. अप्पा पडल्या पडल्या एकच विचारायचे, "आज वार कोणता?" आणि त्याच दिवसांत ओळखीचा कंडक्टर मल्लेशच्या कापडाच्या दुकानात येऊन बोलून गेला, "कसलं मुखेड घेऊन बसलाव! अप्पा देगलूरला उतरतात. मास्तरांच्या घरी. तुमची जुनी गाडी पुसायला!"

मल्लेशला गल्ल्यावर बसल्या बसल्या रडू आलं. या वयात, उन्हातान्हात, एका गाडीसाठी! आणि पोरांना सांगायची लाज वाटते म्हणून मुखेडची थाप! त्यानं तिथंच ठरवलं की म्हाताऱ्यानं गाडीकडे जायचं नाही, गाडीनंच म्हाताऱ्याकडे यायचं.

"पाय कसा हाय त्यांचा?" सिंधुबाईंनी विचारलं.

"काठी धरून चालतात आता."

"तीन सोमवार झाले."

मल्लेश गाडीभोवती फिरला. ओसरीकडची बाजू लखलखत होती. भिंतीकडच्या बाजूला मात्र बोटभर धूळ. तिकडे जागा अरुंद, अप्पांचा गुडघा वळत नसणार. त्याला पुन्हा भरून आलं.

"मावशी, गाडी मला द्या. तुम्ही म्हणाल ते देतो."

सिंधुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "त्यांनी पाठवलं का तुम्हाला?"

"न्हाई! त्यांना कायबी पत्ता न्हाई. एकदम दारात नेऊन उभी करणार."

"एकदा इचारून बघा."

"इचारलं तर नको म्हणतील. माझ्या अप्पांना मी ओळखतो." हे मल्लेश मोठ्या ठसक्यात बोलला.

सिंधुबाईंनी ताडपत्रीची घडी घातली. मग म्हणाल्या, "तुमच्याच घरची हाय. न्या."

त्यांनी भाव केला नाही. कागदावर सावकाश सही केली. आतून एक पिवळं फडकं आणून दिलं, धुऊन घडी घातलेलं. "हे त्यांचं." टेम्पोवर गाडी चढवून मल्लेश निघाला तेव्हा त्या ओसरीतल्या दोन खुर्च्यांपैकी एक उचलून आत नेत होत्या. मल्लेशनं हात हलवला, पण त्यांची पाठ होती.

उदगीरच्या मेकॅनिकनं आठ दिवस घेतले. "शेठ, बॉनेटखाली उंदरांनी संसार मांडला होता की. पुसणाऱ्यानं कधी उघडून बघितलंच न्हाई का?"

"अप्पांना इंजिनातलं काय कळतंय!" मल्लेश हसला. त्याला कुठल्याही गोष्टीचं हसूच येत होतं. रात्री स्वप्नात आई पुढच्या सीटवर बसून गात होती.

सोमवारी सकाळी त्यानं गाडी घरी आणली. हॉर्न अजून तसाच, जरा घोगरा. गल्लीतली माणसं बाहेर आली. मंजुश्री ओवाळायला ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली.

अप्पा काठी टेकत बाहेर आले. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल, काखेत पिशवी. आज कुणी काहीही म्हणो, जाणारच, असं त्यांनी पहाटेच जाहीर केलं होतं.

"अप्पा, आता एसटीचे धक्के खायचं कामच न्हाई!" मल्लेशनं पुढचं दार उघडून धरलं. "गाडीच घरी आली. आता रोज पुसा!"

अप्पांनी गाडीला हात लावला नाही. वाकून त्यांनी आधी पुढच्या, मग मागच्या सीटवर नजर टाकली. मग सरळ झाले.

"दिली त्यांनी?"

"हाव. एका शब्दानं अडवलं न्हाई."

अप्पांनी काखेतली पिशवी पायरीवर ठेवली आणि शेजारी बसले. मंजुश्रीच्या ताटातला दिवा वाऱ्यानं विझला, तो पुन्हा लावायचं कुणाला सुचलं नाही.

"मल्लेश," अप्पा म्हणाले, "आता देगलूरला मी काय सांगून जाऊ रे?"