शवासनाची पाच मिनिटं

"होळी झाली, थंडी सरली," दत्ताच्या देवळातल्या मंडपात योगाच्या बाई म्हणाल्या. "वसंतात कफ सुटतो. त्यात सकाळी लोळलात तर अंग जड होईल. आजपासून सूर्यनमस्कार बारा आणि शवासन पाचच मिनिटं."

"म्हणजे शालिनीताईंची समाधी भंगली म्हणायची!" कुणीतरी म्हणालं. सगळ्याजणी हसल्या. थंडीभर वीस मिनिटांच्या शवासनात शालिनीताई, कीर्तनाच्या गजरात लेकरू झोपावं तशा, गाढ झोपत.

त्या हसल्या नाहीत. "बाई, माझं शवासन तेवढं कमी करू नका."

"अहो, मग रात्री घरी झोपा की!"

"हे गेल्यापासून घरी डोळा लागत नाही हो. इथे दोन्ही बाजूंना कुणाचा तरी श्वास चालू असतो."

नमस्कार झाले, सगळ्याजणी आडव्या झाल्या. पाच मिनिटं झाली, वीस झाली, तरी बाईंनी 'उठा' म्हटलंच नाही. नळाची वेळ टळली, डब्यांची टळली. एकीनेही कूस बदलली नाही. शेजारणी तर श्वाससुद्धा आवाज न होऊ देता घेत होत्या.

सगळ्या आपल्याला झोप लागायची वाट बघताहेत, हे शालिनीताईंना कळलं आणि होती नव्हती ती झोपही उडाली. देवा, क्षमा कर, असं मनात म्हणत त्या खोटंच घोरू लागल्या. तेव्हा कुठे बायका एकेक करून, पाय न वाजवता, घरी गेल्या.