मागचं बोट

दादाचा पलंग होता त्या जागी आत्याने तांदळाचं पीठ पसरलं आणि त्यावर टोपली उपडी घातली. "सकाळी यात ज्याची पावलं उमटतील, त्या जन्माला गेलं आपलं लेकरू असं समजायचं," ती म्हणाली. आई नुसती बघत राहिली. तापाने दादाला नेल्यापासून ती बोलली नव्हती, रडलीही नव्हती.

काहीच उमटलं नाही तर आईचं काय होईल, या धास्तीने मैथिलीचा जीव खालीवर होत होता. तिन्हीसांजेला बायका अंगणात गेल्या, तशी तिने हळूच टोपली उचलली आणि बोटाने पिठात चिमणीची पावलं काढली. तीन-तीन रेघा, त्याही वाकड्यातिकड्या. चित्रकला तिला कधी जमलीच नाही. दादा तिची वही ओढून घ्यायचा, तिची पाखरं दुरुस्त करायचा आणि वर चिडवायचा, "अगं ठोंबे, पाखराला मागेही एक बोट असतं! नाहीतर ते फांदी धरणार कसं?"

सकाळी आत्याने टोपली बाजूला केली. "वहिनी, बघा हो! पाखरू झालं आपलं लेकरू!" आई पिठापाशी मटकन बसली आणि हंबरडा फोडून रडली.

आपण आईला फसवलं, म्हणून मैथिलीला मान वर करवेना. शेवटी तिने पिठाकडे पाहिलं. प्रत्येक पावलाच्या मागे एक बारीक, सफाईदार रेघ होती. ती तिने काढलेली नव्हती.

"चुकलंच होतं माझं, दादा," ती पुटपुटली आणि आईच्या कुशीत शिरली.