उपसचिव रांगेत

“रांगेत या, साहेब,” खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या.

उपसचिवांनी खिडकीतून आत सरकवलेला लाखबंद लिफाफा तसाच बाहेर आला. ते सकाळच्या विमानाने देशाच्या राजधानीहून निघाले होते आणि लिफाफ्यात या राज्याची विधानसभा बरखास्त करणारा हुकूम होता. इथे त्यावर आवकचा शिक्का बसला की त्या क्षणापासून विधानसभा संपली. समोरच्याच इमारतीत तिची बैठक चालू होती. केंद्राला इथल्या डोंगरामागचं खोरं हवं होतं, देशभरचा विषारी कचरा पुरायला. खोरं कुणालाच देता येणार नाही, असा कायदा तिथली आमदार मंडळी चार वाजता मताला टाकणार होती. एकदा का कायदा झाला की पुढची दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या. आणि आत्ता दोन वीस झाले होते.

“मॅडम, केंद्र सरकारचा कागद आहे हा!”

बाईंनी नुसतं पेनाचं टोक भिंतीकडे केलं. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं परिपत्रक होतं. कितीही मोठ्या पदावरचा माणूस असो, आवक खिडकीवर रांग मोडून कागद घेऊ नये. घेतल्यास तो रद्द समजावा. देशातल्या झाडून सगळ्या कचेऱ्यांना लागू. खाली सही उपसचिवांचीच होती. गेल्या वर्षी या परिपत्रकाबद्दल पेपरांनी त्यांची पाठ थोपटली होती आणि ती कात्रणं त्यांनी आईला पाठवली होती.

ते मुकाट रांगेच्या शेवटी गेले. पुढे अठरा माणसं होती. त्यांच्या लगेच पुढे काठी टेकून एक आजोबा उभे होते.

खिडकीशी निवृत्त शिक्षक होते. त्यांची तक्रार सात पानांची. बाई एकेक ओळ वाचत होत्या आणि शिक्षक एकेक ओळ समजावून सांगत होते. त्यांच्यानंतर शिंपीदादा आले. सही करायला चष्मा हवा म्हणून त्यांनी चारही खिसे उलटे केले, शेवटी चष्मा सापडला तर तो बायकोचा निघाला. मग जुळ्यांची आई. दोघांचे दोन अर्ज, आणि कुठला कुणाचा तेच तिला आठवेना. उपसचिवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय हे राज्य! नकाशावर बोट ठेवलं तर झाकून जाईल एवढं, आणि मिजास केवढी! केंद्राशी दोन हात करायला निघालेत, आणि यांना साधी रांग हलवता येत नाही.

तीनला फोन वाजला. पलीकडे खुद्द सचिव.

“बसला शिक्का?”

“रांगेत आहे, सर.”

“एवढ्या मोठ्या देशाचा हुकूम घेऊन तू रांगेत उभा आहेस? चारच्या आत शिक्का बसला नाही, तर परत येऊ नकोस.”

अडला हरी, दुसरं काय. उपसचिवांनी आवाजात होतं नव्हतं तेवढं मार्दव आणलं. “आजोबा, मला जरा पुढे जाऊ द्याल का? फार तातडीचं आहे.”

“जा की! माझी काही हरकत नाही. पुढच्यांना तेवढं विचारा.”

पुढच्या ताईंचीही हरकत नव्हती, त्यांनीही पुढच्यांना विचारायला सांगितलं. असं विचारत विचारत उपसचिव खिडकीपर्यंत पोचले. पहिल्या नंबरचा मिस्त्री तर फारच भला माणूस. “या ना साहेब! फक्त मागच्या सगळ्यांना चालतंय का, ते एकदा विचारून घ्या.”

उपसचिव तणतणत मागे आले, तर त्यांच्या जागी एक अख्खं कुटुंब उभं. आई, बाप, मावशी, दोन मुली.

“ही माझी जागा आहे!”

“पण तुम्ही रांग सोडलीत ना, काका,” धाकटी मुलगी अगदी कळवळून म्हणाली.

त्यांना रडू यायचंच बाकी होतं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मंत्र्यांना ताटकळत ठेवलं होतं, आणि आज कुणा मिस्त्रीच्या नळजोडणीच्या अर्जापायी त्यांची नोकरी जायची वेळ आली होती. पावणेचारला बाईंच्या पेनातली शाई संपली. त्यांनी नवं पेन मागवलं. ते आलं तेव्हा चारला पाच कमी होते आणि पुढे अजून नऊ माणसं होती. आजोबांनी मागे वळून मुलींच्या डोक्यावरून पाण्याची बाटली पुढे केली. “घ्या, दोन घोट प्या. चेहरा बघा केवढासा झालाय.” उपसचिवांनी रागारागाने मान फिरवली.

चार वाजून गेले, आणि समोरच्या इमारतीतून बाकं बडवल्याचा आवाज आला. थांबेचना. जिन्यावरून शिपाई ओरडत खाली धावला, “झाला! कायदा झाला! एकमताने झाला!”

रांगेत कुणी ओरडलं नाही. मावशींनी तेवढे डोळे पुसले. मग पुढचे नऊच्या नऊ जण बाजूला होऊन भिंतीला टेकले, आणि खिडकीपर्यंतची वाट मोकळी झाली.

“या साहेब,” बाई म्हणाल्या. आता त्या पहिल्यांदाच मान वर करून बघत होत्या. “द्या तो कागद. लगेच शिक्का मारून देते.”

उपसचिव जागचे हलले नाहीत. कचेरीत मुरलेला माणूस. तोंडून निघालं ते एवढंच, “अहो, पण... तुमचे सगळ्यांचे अर्ज राहिले की!”

“कसले अर्ज, साहेब?” आजोबा म्हणाले. “आम्ही सकाळपासून आलोय ते फक्त तुमच्या पुढे उभं राहायला.”