दहाचं विमान

"बूट राहू द्या, भाऊ. लादी पुसायची आहेच अजून," म्हणत मावशींनी कारकुनाला आत घेतलं.

कारकून आला होता अहवालाच्या कामाला. विमानाच्या धुराची भरपाई म्हणून झाडं लावायला लोक आपणहून पैसे देतात. ते गोळा करणाऱ्या संस्थेत तो नोकरीला. सक्ती कुणाचीच नाही, मग लोक देतात तरी का, हे साहेबांना जाणून घ्यायचं होतं. सगळ्यात नेमाने देणाऱ्या म्हणजे या मावशी, निवृत्त नर्स. मुलगा वैमानिक. त्याच्या प्रत्येक फेरीमागे त्या न चुकता पैसे भरत.

पण निघण्याआधी कारकुनाने नोंदी पडताळल्या, तेव्हा भलतंच निघालं. डोंगरापलीकडच्या शहराला जाणारं दहाचं विमान चार महिन्यांपूर्वीच बंद झालं होतं. मावशी मात्र आठवड्यातून तीनदा त्याच विमानाची भरपाई करत होत्या. मुलगा आईला चक्क फसवत होता.

न झालेल्या फेरीचे पैसे परत करायचे आणि कारण कळवायचं, हा संस्थेचा नियम. म्हाताऱ्या माणसाला हे पत्राने कळण्यापेक्षा आपण समोर बसून सांगावं, असं त्या भल्या माणसाने ठरवलं होतं. आता तो नुसताच कागद चाळत बसला.

तेवढ्यात आतून मुलगा आला. अंगात कडक इस्त्रीचा गणवेश, हातात चाकांची बॅग.

"आज कुठे रे?" मावशींनी विचारलं.

"नेहमीचंच. दहाचं."

"डबा घे."

"विमानात जेवण असतं गं आई."

"असू दे. घे."

त्याने निमूटपणे डबा घेतला. कारकुनाच्या गळ्यातलं संस्थेचं ओळखपत्र दिसलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"आईचा छंद आहे हा," तो कसनुसं हसत म्हणाला. दारातून त्याने मागे वळून एकदा कारकुनाकडे पाहिलं. नुसत्या नजरेने हात जोडावेत, तसं. कारकुनाला खरं तर त्याचा राग यायला हवा होता. आली ती दया.

मुलगा गेल्यावर कारकुनाने अहवालाची प्रश्नावली पुढे ओढली.

"पैसे का भरता, मावशी? पृथ्वीची काळजी? नातवंडांचा विचार? मनाला टोचणी?"

"टोचणी कसली? जन्मभर मीच दुसऱ्यांना टोचत आले."

कारकुनाला हसू आलं आणि त्या हसण्याच्या बळावरच तो बोलून गेला. "मावशी, मन घट्ट करा. हे दहाचं विमान चार महिने झाले, उडतच नाही."

मावशी उठल्या. त्यांनी दार लोटून कडी घातली.

"हळू बोला. जिन्यातच असेल अजून."

कारकुनाने आवाज खाली आणला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"नोकरी गेल्याचं पत्र माझ्याच हाती पडलं. वाचलं आणि होतं तसं चिकटवून ठेवलं. दुसरी मिळाली की सांगेल आपणहून."

"मग हे पैसे कशाला भरता?"

"पावती त्याच्या मोबाइलवर जाते, भाऊ. ती आली की आईला अजून काही कळलेलं नाही, असं समजून तो चार घास नीट जेवतो."